हापूसच्या थेट विक्रीसाठी विनाजाहिरात प्रसिद्धी: प्रकल्प नोंदी, हंगाम २०२४-२५

बाग रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या पट्ट्यात. आजवर बहुतेक माल वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे जात आला. यंदा ५ डझनांच्या ४०० पेट्या थेट ग्राहकाच्या घरी पोचवायच्या आहेत. जाहिरातीसाठी गूगलला किंवा इन्स्टाग्रामला पैसे द्यायचे नाहीत, ही बागायतदारांची अट. नोंदी पुढच्या हंगामात कामाला याव्यात अशा बेताने लिहिल्या आहेत.

१९ सप्टेंबर २०२४

अनंत चतुर्दशी झाली. आंब्याच्या प्रसिद्धीचे काम सुरू करायची हीच वेळ. नवे पान गूगलला सापडायला आणि शोधात वर यायला महिने जातात, आणि मार्चमध्ये टाकलेले पान जूनमध्ये वर आले तर त्याचा काही उपयोग नाही. पैसे मोजून जाहिरात करणाऱ्याला एप्रिलमध्ये उतरून चालते. आपल्याला पाऊस ओसरतानाच सुरुवात करायला हवी.

माध्यमांच्या आधी क्षमता ठरवली. शेडमधली माणसे पाहता दिवसाला २० पेट्यांहून जास्त माल नीट प्रतवारी करून भरता येत नाही, म्हणजे ४०० पेट्यांना भरणीचे २० दिवस. पुढचा प्रत्येक संदेश या आकड्याला बांधलेला राहील. एका सकाळी शंभर मागण्या आल्या तर ऐंशी जणांना थांबवावे लागते, आणि ताटकळलेला ग्राहक पुढच्या वर्षी दुसरी बाग शोधतो.

माध्यमे तीनच: स्वतःचे संकेतस्थळ, गूगल नकाशावरची व्यवसायाची नोंद आणि जुन्या ग्राहकांसाठी व्हॉट्सॲप. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर चित्रफिती जातील, पण मागणी येईल ती या तिघांतून. सगळीकडे थोडे थोडे करण्याइतकी माणसे बागेत नाहीत. जानेवारीनंतर फवारणीच्या धांदलीत रोज पोस्ट टाकणे कोणालाच जमत नाही, आणि मग मध्येच बंद पडलेली पाने ग्राहकाला दिसतात.

२७ सप्टेंबर २०२४

ग्राहक काय विचारतात ते गोळा केले. शब्द शोधून देणारी साधने यात दुय्यम. मागच्या हंगामातली व्हॉट्सॲपवरची संभाषणे एक्स्पोर्ट केली, नावे आणि नंबर पुसले, आणि प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत एका तक्त्यात उतरवले. "पेटी कधी मिळेल", "कच्ची देता की पिकलेली", "एका डझनाचं वजन किती", "देवगड आहे का", "कार्बाइड नाही ना", "आतून काळा निघाला तर", "मुलगा अमेरिकेत आहे, तो पैसे भरेल, पेटी आम्हाला पुण्याला पाहिजे". लिहायच्या पानांची यादी यातूनच तयार झाली.

गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र आणि मागची ५ वर्षे निवडून पाहिले. शोध फेब्रुवारीपासून चढतो, एप्रिल-मेमध्ये शिखरावर जातो आणि जूनमध्ये कोसळतो. तिथले आकडे ० ते १०० असे सापेक्ष असतात, त्यावरून पेट्यांचा अंदाज बांधू नये. कीवर्ड प्लॅनर (कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारे गूगलचे साधन) जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला मोठमोठ्या टप्प्यांतच आकडे दाखवतो आणि जवळजवळच्या शब्दरूपांची बेरीज करून टाकतो. त्यामुळे त्याचा उपयोग दिशा पाहण्यापुरता.

लेखनभेद मात्र महत्त्वाचे. 'हापूस' आणि 'हापुस' दोन्ही टंकले जातात, 'अल्फान्सो' वेगळा, आणि फार मोठा वर्ग मराठी शब्द रोमन लिपीत लिहितो. पानाच्या शीर्षकात देवनागरीच्या जोडीला एक रोमन रूप द्यायचे. सगळी रूपे मजकुरात कोंबायची नाहीत. गूगल ती बऱ्याच अंशी ओळखतो, आणि कोंबलेला मजकूर वाचणाऱ्याला लगेच खटकतो.

'हापूस पेटी भाव आज' हा शोध आकर्षक दिसतो, पण तो करणाऱ्यांत वाशीचा बाजारभाव पाहणारे बागायतदार आणि व्यापारी बरेच असतात. त्यांना आपल्याकडून पेटी घ्यायची नसते. त्याच्यामागे लागणार नाही.

८ ऑक्टोबर २०२४

मजकूर लिहिण्याआधी कोणते दावे करायचे नाहीत ते ठरवले.

'सेंद्रिय' हा शब्द वापरायचा नाही. बागेत तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी रासायनिक फवारणी होते, आणि सेंद्रिय म्हणून विक्री करायला एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांचे प्रमाणीकरण लागते. त्याऐवजी फवारणीबद्दल विचारणाऱ्याला शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस सोडले ते सरळ सांगायचे. बागेच्या वहीत ती नोंद असतेच.

'देवगड' हा शब्द विक्रीच्या पानावर नाही, कारण बाग रत्नागिरीतली आहे. 'देवगड की रत्नागिरी' या प्रश्नाला मात्र स्वतंत्र पान. दोन्हीकडे जात एकच, हापूस, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचही जिल्ह्यांना लागू आहे. बाग या जिल्ह्यांत आहे एवढ्यावर मानांकनाचे चिन्ह लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत चिन्ह छापायचे नाही.

कार्बाइडबद्दल तथ्ये लिहायची. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत १०० भाग) वापरायला परवानगी आहे. आपण पेंढ्यात पिकवतो. 'बाकी सगळे कार्बाइडवाले' असा सूर कुठेही येऊ द्यायचा नाही. तो खोटा ठरतो, आणि शेजारच्या बागायतदारांशी संबंध बिघडतात ते वेगळेच.

२२ ऑक्टोबर २०२४

पानांची रचना पक्की केली. मुख्य पान, पेटी आणि दर, पोच कुठे आणि किती दिवसांत, कच्ची पेटी घरी कशी पिकवायची, साका (फळाचा आतला दोष) म्हणजे काय आणि आमची भरपाई, देवगड की रत्नागिरी, परदेशातून घरच्यांसाठी पेटी, बागेची खबर, संपर्क. एकूण ९. यापेक्षा जास्त पाने सांभाळायला माणूस नाही.

दरांच्या पानाच्या पत्त्यात वर्ष घालायचे नाही. दरवर्षी नवे पान केले की जुन्याला इतर संकेतस्थळांवरून मिळालेले दुवे आणि ओळख वाया जाते आणि फेब्रुवारीत पुन्हा शून्यापासून सुरुवात. पत्ता कायमचा, वर्ष फक्त शीर्षकात आणि मजकुरात, आणि ते दर हंगामात बदलायचे. पत्ते रोमन अक्षरांत ठेवले, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते, आणि असा दुवा फसवणुकीचा वाटून लोक उघडत नाहीत.

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशी प्रत्येक शहरासाठी वेगळी पाने करण्याची सूचना बागेकडून आली होती. ती नको. फक्त शहराचे नाव बदलून तोच मजकूर ठेवलेली पाने गूगलच्या नियमांत 'डोअरवे' ठरतात आणि त्यांच्यामुळे सगळे संकेतस्थळ खाली जाऊ शकते. त्याऐवजी पोचवण्याचे एकच पान, त्यात शहरानुसार पिनकोडचे टप्पे, पार्सल कोणत्या वारी निघते आणि साधारण किती दिवसांत पोचते याचा तक्ता.

मराठी आणि इंग्रजी आवृत्त्यांना एचरेफलँगच्या खुणा (एकाच पानाच्या दोन भाषांतल्या आवृत्त्या गूगलला कळवणाऱ्या) दोन्ही बाजूंनी लावायच्या, आणि प्रत्येक पानाने स्वतःचाही उल्लेख करायचा. एका बाजूने सुटली तर गूगल ती जोडी मानत नाही. इंग्रजी मजकूर मराठीचे भाषांतर म्हणून करायचा नाही. मुंबईतल्या अमराठी ग्राहकाला 'पेटी' म्हणजे काय इथपासून सांगावे लागते, पुणेकराला ते सांगणे वेळकाढू वाटते.

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर तांत्रिक काम. कसोटी साध्या मोबाइलवर आणि डेटा जोडणीवर घ्यायची, कार्यालयातल्या वायफायवर नाही. गूगलच्या मोजमापात पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मजकूर सरकण्याचा अंक ०.१ च्या आत असावा.

वेग दोन गोष्टींनी जातो. पहिली, फोटो: मोबाइलमधून थेट चढवलेला फोटो अनेक एमबीचा असतो. १२०० पिक्सेल रुंदी, वेबपी स्वरूप आणि प्रत्येकी १५० केबीच्या आत अशी मर्यादा घातली. सगळ्यांत वरच्या फोटोला 'लेझी लोडिंग' (फोटो गरज पडेल तेव्हा उशिरा आणण्याची सोय) लावायचे नाही, कारण नेमका तोच आधी दिसायला हवा. दुसरी, देवनागरी फॉन्ट: जोडाक्षरांमुळे तो रोमनपेक्षा बराच जड असतो. एकच फॉन्ट, दोनच जाड्या, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसत राहील अशी सोय. फोटोंना रुंदी-उंची लिहून ठेवली की मजकूर खाली उडी मारत नाही.

सर्च कन्सोलमध्ये (गूगलच्या शोधात आपली पाने कशी दिसतात ते दाखवणारे साधन) संकेतस्थळाच्या नावाची नोंद केली, त्यासाठी त्या नावाच्या डीएनएस सेटिंगमध्ये पडताळणीची एक टीएक्सटी ओळ घातली. तिथे १६ महिन्यांचीच माहिती राहते, म्हणून दर महिन्याला ती तक्त्यात उतरवून ठेवायची. गूगल ॲनालिटिक्समध्ये (संकेतस्थळावरच्या भेटी मोजणारे साधन) घटनांची माहिती मुळात २ महिनेच राखली जाते. ती सेटिंगमधून १४ महिने केली. हे आज न बदलता मे महिन्यात आठवले तर पुढच्या वर्षी तुलना करायला तपशीलवार माहिती उरत नाही.

मागणी कुठून आली ते कळण्यासाठी प्रत्येक पानावरच्या व्हॉट्सॲप दुव्यात वेगळा तयार मजकूर भरला. दरांच्या पानावरून आलेला ग्राहक "नमस्कार, पेटीच्या दरांबद्दल" असे पाठवतो, साक्याच्या पानावरचा "नमस्कार, भरपाईबद्दल". ॲनालिटिक्समध्ये व्हॉट्सॲपवरून आलेली भेट बहुधा 'डायरेक्ट' (म्हणजे कुठून आली ते माहीत नाही) म्हणून पडते, तिथे ही पहिली ओळ जास्त खरे सांगते. शिवाय मागणीच्या वहीत एक रकाना वाढवला: "आमची माहिती कुठून मिळाली?"

२८ नोव्हेंबर २०२४

गूगल नकाशावरची नोंद. केवळ कुरिअरने माल पाठवणारा, ग्राहकाला प्रत्यक्ष न भेटणारा व्यवसाय इथे पात्र ठरत नाही. म्हणून हंगामात सकाळी ९ ते १ बागेच्या शेडवर येऊन पेटी नेण्याची सोय खरोखरच सुरू ठेवायची. पावसला येणारे भाविक आणि गणपतीपुळ्याहून परतणारे पर्यटक यांना ती उपयोगाचीही आहे.

नाव फलकावर आहे तेच. नावापुढे 'अस्सल रत्नागिरी हापूस होम डिलिव्हरी' अशी शेपटी जोडणारे पुष्कळ दिसतात. काही दिवस ते वरही येतात, पण कोणी तक्रार केली की नोंद निलंबित होते, आणि ती परत मिळवण्यात ऐन एप्रिल जातो.

पडताळणी चित्रफितीने झाली. ती मध्ये न थांबता सलग चित्रित केलेली असावी लागते. मुख्य रस्ता, फलक, शेडचे कुलूप उघडताना, आत रिकाम्या पेट्या आणि वजनकाटा असा क्रम ठेवला. कुलूप उघडणे महत्त्वाचे, कारण जागा आपल्या ताब्यात आहे याचा तो पुरावा. मोबाइलची रेंज शेडमध्ये जाते, म्हणून चढवण्याआधी फोनला वायफाय मिळेल याची खात्री करून घ्यावी.

वर्णन ७५० अक्षरांत. त्यात दर आणि संकेतस्थळाचा पत्ता घालू नये. नकाशावरची खूण नेमकी शेडच्या फाटकावर आणली, नाहीतर पत्ता शोधणारी गाडी भलत्याच पाखाडीत शिरते.

१६ डिसेंबर २०२४

चित्रीकरणाचे वेळापत्रक बागेप्रमाणे लावले. मोहोर एकदा गेला की वर्षभर मिळत नाही, त्यामुळे पालवी, मोहोर, वाटाण्याएवढे फळ, सुपारीएवढे फळ, कैरी, झेल्याने (लांब काठीला जाळी बांधलेल्या अवजाराने) तोडणी, देठ ठेवून कापणे, प्रतवारी, पेंढ्यात भरणी असे टप्पे आधीच लिहून झाडांजवळच्या माणसाकडे दिले. उभी चित्रफीत, १०८० बाय १९२०, सकाळचे ऊन, आणि फोनची लेन्स पुसलेली. बोलणे मराठीत, खाली मराठी अक्षरे कायमची उमटवलेली, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात. एका चित्रफितीत एकच गोष्ट: देठ २-३ सेंटिमीटर का ठेवतात (चीक सालीवर ओघळला तर डाग पडतो आणि फळ तिथून खराब होते) एवढेच सांगितले तरी पुरे. संगीताची भर नको, बागेतला आवाज चांगला येतो.

'बागेची खबर' हे पान दर पंधरवड्याला याच माहितीतून भरायचे. थंडी किती पडली, मोहोर किती फुटला, पहिली तोडणी कधी अपेक्षित. मोहोर उशिरा आला तर तसे लिहायचे. मार्चमध्ये उशीर झाल्यावर सांगितलेले कारण सबब वाटते. तेच डिसेंबरमध्ये सांगितले तर ग्राहक स्वतःच वेळ जुळवून घेतो.

भारतात ऑगस्ट २०२४ पासून गूगलच्या शोधात वरच एआयचा सारांश दिसतो. 'आंबा कसा पिकवावा' यासारख्या सर्वसाधारण प्रश्नांचे उत्तर तिथेच मिळून वाचक थांबतो. म्हणून इतरत्र नसलेली माहिती हाच आपला आधार: या बागेचा यंदाचा मोहोर, या शेडची प्रतवारी, या पेटीचे वजन.

७ जानेवारी २०२५

व्हॉट्सॲपची यादी. सगळ्यांत जास्त पेट्या इथूनच जाणार, त्यामुळे काळजीही इथेच जास्त.

मागच्या ग्राहकांचे नंबर बिलांवर आहेत, पण म्हणून त्यांना प्रचाराचे संदेश पाठवायची परवानगी मिळत नाही. प्रत्येकाला एकदा वैयक्तिक संदेश: "नमस्कार, मागच्या हंगामात आपण आमच्याकडून हापूसची पेटी घेतली होती. यंदाची खबर आणि बुकिंगची सूचना हवी असल्यास 'हो' कळवा आणि हा नंबर जपून ठेवा. नको असल्यास 'नको' लिहा, पुन्हा त्रास देणार नाही." 'हो' आलेलेच यादीत, तारखेसह. 'नको' आणि निरुत्तर दोघेही बाहेर.

'नंबर जपून ठेवा' हे शब्द गाळायचे नाहीत. ब्रॉडकास्ट यादीतला (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या व्हॉट्सॲपच्या सोयीतला) संदेश ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यांनाच पोचतो. संदेश गेला असे आपल्याला दिसते आणि समोर काहीच पोचत नाही, ही तक्रार बहुतेकदा एवढ्याच कारणाने होते. एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण. आपण याद्या त्याहून लहान ठेवल्या, शहरानुसार, म्हणजे पुण्याची गाडी भरताना पुणेकरांनाच संदेश जातो.

बाहेर मिळणारी 'बल्क मेसेज' सॉफ्टवेअर वापरायची नाहीत. लोकांनी 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' दाबले की नंबर बंद होतो, आणि याच नंबरवर सगळ्या मागण्या येतात.

बिझनेस ॲपमध्ये लेबले लावली: चौकशी, आगाऊ आले, भरणीत, रवाना, पोचली, अभिप्राय मागितला. झटपट उत्तरांत दर, खाते क्रमांक, पिकवण्याची पद्धत आणि पार्सलची स्थिती हे तयार मजकूर. हंगामभरात यादीला मोजकेच संदेश जातील: मोहोराची खबर, बुकिंग सुरू, पाडव्याची तोडणी, अक्षय तृतीयेची तोडणी, शेवटच्या पेट्या. रोजचे फोटो स्टेटसवर, ज्याला हवे तो पाहील.

४ फेब्रुवारी २०२५

दरांचे पान जाहीर. दर 'फोन करून विचारा' असा ठेवला तर अर्धे लोक तिथूनच परततात. डझनाला दर लिहिताना फळाचे वजन लिहिलेच पाहिजे: २०० ते २५० ग्रॅम, २५० ते ३००, आणि ३०० च्या वर. २५० ग्रॅमचे फळ धरले तर ५ डझनांच्या पेटीत निव्वळ १५ किलो आंबा होतो, आणि चार माणसांच्या घराला तो एकदम संपत नाही, म्हणून २ डझनांचा खोकाही ठेवला. पार्सलखर्च वेगळा आणि आधीच दाखवलेला.

बुकिंगला तारीख द्यायची नाही, आठवडा द्यायचा. तोडणी हवामानावर आणि फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार होण्यावर अवलंबून आहे. यंदा पाडवा ३० मार्चला आणि अक्षय तृतीया ३० एप्रिलला. कच्ची पेटी पिकायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, तेव्हा सणाला ताटात आमरस हवा असेल तर पेटी निदान दहा दिवस आधी हाती हवी. हे गणित पानावर ठळक लिहिले, कारण सणाच्या आदल्या दिवशी पोचलेल्या कच्च्या पेटीवरून होणारा वाद यानेच टळतो.

पानाच्या स्ट्रक्चर्ड डेटात (गूगलला वाचता येतील अशा, पानामागे लिहिलेल्या खुणांत) 'प्रीऑर्डर' लावले. पहिली तोडणी झाली की 'इन स्टॉक'. ताऱ्यांचे मूल्यांकन स्वतःच लिहून व्यवसायाच्या खुणेत घालण्यात अर्थ नाही, गूगल ते २०१९ पासून शोधात दाखवत नाही. प्रश्नोत्तरांची खूणही २०२३ पासून सरकारी आणि आरोग्यविषयक मोठ्या संकेतस्थळांपुरतीच उरली आहे. तिच्यावर वेळ घालवला नाही.

२५ फेब्रुवारी २०२५

पिकवण्याचे पान आणि पेटीत घालायचे छापील पत्रक, दोन्हींचा मजकूर एकच. पेटी पोचताच उघडा. आंबे पेंढ्यात, हवा खेळती राहील असे, एक किंवा दोन थरांत पसरा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका: १२-१३ अंशांखाली त्याला थंडी बाधते, मग तो नीट पिकत नाही आणि साल काळवंडते. रोज एकदा हात फिरवून तयार फळ वेगळे काढा. देठाशी वास सुटला, साल केशरी-पिवळी झाली आणि बोटाला किंचित मऊ लागले की तयार. साल थोडी सुरकुतली तर घाबरू नका, तो गोड असतो. देठाशी काळे पडलेले फळ लगेच बाजूला करा, नाहीतर शेजारची जातात. खाण्याआधी थोडा वेळ पाण्यात ठेवा.

साक्याच्या पानावर जास्त वेळ दिला. साका बाहेरून ओळखता येत नाही, कापल्यावरच गरात पांढरट-पिवळट, स्पंजासारखा, आंबूस भाग दिसतो. जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता आणि तोडणीनंतर उन्हात राहणे ही त्याची कारणे, म्हणून सकाळच्या वेळी तोडून लगेच सावलीत नेतात. तरीही एखादे फळ निघतेच. भरपाईचा नियम: कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. नवा ग्राहक 'रत्नागिरी हापूस उत्तम' हे शंभर ठिकाणी वाचून आलेला असतो. दोषाबद्दल उघड बोलणारा विक्रेता त्याला क्वचित भेटतो, आणि फोनवर बहुतेक जण याच पानाचा उल्लेख करतात.

२० मार्च २०२५

पहिल्या पेट्या रवाना, पाडव्याच्या हिशोबाने. अभिप्राय मागण्याची पद्धत ठरवली. पेटी पोचली त्या दिवशी मागायचा नाही, तेव्हा ग्राहकाने आंबा चाखलेलाच नसतो. दहाव्या-बाराव्या दिवशी "आंबे तयार झाले का? कसे निघाले?" एवढेच विचारायचे. उत्तर काहीही असो, त्यानंतर गूगलच्या अभिप्रायाचा दुवा. फक्त खूश ग्राहकांना दुवा पाठवणे आणि अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणे, दोन्ही गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. घरातल्या आणि नात्यातल्या लोकांकडून लिहवून घेणेही नको.

वाईट अभिप्रायाला २४ तासांत उत्तर: "नमस्कार. ३ फळांत साका निघाला याबद्दल दिलगीर आहोत. त्यांचे पैसे आज परत केले आहेत. आपली पेटी ज्या तोडणीतली होती ती वहीतून तपासत आहोत." वाद घालायचा नाही आणि ग्राहकाचा पत्ता-नंबर उत्तरात येऊ द्यायचा नाही. हे उत्तर तक्रारदारापेक्षा पुढचे ग्राहक जास्त वाचतात.

१० एप्रिल २०२५

सर्च कन्सोल वाचताना सरासरी क्रमांकाकडे पाहून उपयोग नाही. ज्या शब्दांवर पान वारंवार दिसते पण कोणी आत येत नाही, ते शब्द आधी काढले. दरांच्या पानाचे शीर्षक 'आमची उत्पादने' असे राहिले होते. ते 'रत्नागिरी हापूस पेटी दर २०२५: २ आणि ५ डझन, घरपोच' केले. पत्ता तोच. बदल एका वेळी एकाच पानावर, आणि परिणाम पाहायला किमान दोन आठवडे.

परदेशातून घरच्यांसाठी पेटी घेणारे मुख्यतः मराठी मंडळांच्या गटांतून येतात. त्यांच्या अडचणी ठरलेल्या: पैसे भरणारा एक, घेणारा दुसरा, आणि वेळेचा फरक. मागणीच्या अर्जात दोन नावे, दोन नंबर, आणि पार्सल निघाल्याचा संदेश दोघांनाही. फळ परदेशी पाठवत नाही हे पहिल्याच ओळीत लिहिले. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला विकिरण प्रक्रिया आणि निर्यातीची वेगळी व्यवस्था लागते.

विकतचे दुवे देणाऱ्यांचे ईमेल आता रोज येतात, उत्तर न देता काढून टाकायचे. पावस-गणपतीपुळे भागातली घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या दोघांनी आपल्या पाहुण्यांसाठी बागभेटीचा दुवा स्वतःहून दिला. असे दोन दुवे शेकडो विकतच्या दुव्यांपेक्षा मोलाचे.

२२ एप्रिल २०२५

अक्षय तृतीयेच्या मागण्या भरणीच्या क्षमतेला भिडल्या. पुणे आणि मुंबईच्या याद्यांना संदेश पाठवणे थांबवले, दरांच्या पानावर 'या आठवड्याची नोंदणी पूर्ण, पुढची ५ मेपासून' अशी ओळ टाकली, नकाशाच्या नोंदीवर तीच पोस्ट केली. मागणी घेऊन पेटी उशिरा देण्यापेक्षा हे बरे.

२७ मे २०२५

मान्सून २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला, त्याआधीपासून जोराचा पाऊस सुरू होता. भिजलेल्या फळाला देठकूज आणि करपा लवकर लागतो, असा माल पार्सलने पाठवायचा नाही. उरलेल्या नोंदण्या रद्द करून आगाऊ रक्कम परत केली. प्रत्येकाला फोन, मग संदेश. पान त्याच दिवशी 'हंगाम संपला' केले. उरलेले चांगले फळ कॅनिंगला गेले.

१२ जून २०२५

हंगामानंतरची आवराआवर. दरांचे पान काढलेले नाही आणि दुसरीकडे वळवलेलेही नाही. स्ट्रक्चर्ड डेटात 'आउट ऑफ स्टॉक', यंदाचे दर तुलनेसाठी खाली, आणि वर पुढच्या हंगामाची सूचना मिळवण्यासाठी नाव-नंबर देण्याची जागा, संमतीच्या खुणेसह. नकाशाच्या नोंदीवर 'तात्पुरते बंद'. ती पुन्हा उघडायची आठवण १ फेब्रुवारीला लावली आहे.

मागणीच्या वहीतला 'माहिती कुठून मिळाली' हा रकाना तक्त्यात उतरवायचे काम चालू. जुने ग्राहक आणि त्यांनी सांगून आलेले यांची बेरीज वेगळी करायची, कारण पुढच्या वर्षी थेट विक्रीच्या पेट्या वाढवायच्या की नाही ते त्या आकड्यावर ठरेल. साक्याच्या तक्रारी तोडणीच्या तारखेनुसार लावून बागेला दिल्या. सप्टेंबरमध्ये पहिले काम: कैरीच्या टप्प्याचे चित्रीकरण यंदा कमी पडले, ते पुढच्या मार्चसाठी झाडांच्या क्रमांकासह लिहून ठेवणे.